बाळंतपणाची जागा कोण ठरवितो?

सरकारी अहवालांतील आकडे वाचून समाधान मानण्याची सवय ज्यांस जडली आहे, त्यांस ग्रामीण स्त्रियांच्या बाळंतपणाचा प्रश्न आता निकालात निघाला असेच वाटत असावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत महाराष्ट्रातील शंभरांपैकी सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याची नोंद होती. २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ९० च्या वर गेला आणि २०१९-२१ च्या फेरीत तो ९४.७ वर पोहोचला. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत उतरले. ही कमाई लहान नव्हे, आणि तिचे श्रेय ज्या परिचारिकांस, आशा कार्यकर्त्यांस व डॉक्टरांस आहे त्यांच्या पदरात ते मोकळ्या मनाने घालण्यास आम्ही तयार आहो. परंतु ‘दवाखान्यात’ या एका शब्दाखाली इतक्या निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात, की त्या उघड केल्यावाचून पातूरसारख्या तालुक्यातील बायकांची खरी स्थिती कोणाच्याही ध्यानात यावयाची नाही. आपल्या उपकेंद्रात मोकळी झालेली बाई, मध्यरात्री भाड्याच्या गाडीतून अकोल्यास पोहोचून मोकळी झालेली बाई, आणि कर्ज काढून खासगी दवाखान्यात पोट चिरून घेतलेली बाई या तिघीही अहवालात एकाच रकान्यात बसतात.

पातूरची जागा आमच्या वाचकांस सांगावयास नको. उत्तरेस अकोल्याचे सपाट काळे रान आणि दक्षिणेस डोंगरांची रांग, या दोहोंच्या सांध्यावर हे गाव वसले आहे. येथून अकोला सुमारे ३० किलोमीटर, आणि दुसऱ्या अंगास घाट चढून गेले की मेडशी व मालेगाव. १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाला तेव्हा ही सरहद्द नकाशावर ठळक झाली. बाळंतिणीच्या कळांस मात्र जिल्ह्याची सरहद्द ठाऊक नसते. आगगाडी पातुरास येत नाही. निर्गुणेच्या खोऱ्यातील आलेगाव असो, चान्नी-चतारीकडील गावे असोत, की डोंगराच्या अंगावरील वस्त्या असोत, जे काही यावयाचे ते रस्त्यानेच. आणि श्रावण-भाद्रपदात नाल्यास पाणी आले म्हणजे तो रस्ताही बाईच्या दिवसांची वाट पाहत थांबत नाही.

आता शहरातील सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात असा एक सूर नेहमी ऐकू येतो, की खेड्यातील बायका अडाणी, त्यांस सरकारी सोयीची किंमत नाही, म्हणून त्या जवळचे केंद्र सोडून भलतीकडे जातात किंवा घरीच राहतात. वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक धडा मिळाला आहे, तो हा की पक्षकाराचे वागणे विचित्र दिसले तर त्याला मूर्ख ठरविण्यापूर्वी त्याच्या समोर कोणते पर्याय होते हे विचारावे. तो प्रश्न येथे विचारला म्हणजे अडाणीपणाचा आरोप बहुतेक वेळा टिकत नाही.

पहिली गोष्ट अशी की ‘निवड’ हा शब्दच येथे जपून वापरला पाहिजे. वऱ्हाडात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, पहिले बाळंतपण माहेरी ही रूढी अजून बळकट आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झाले, की मुलगी आईकडे जाते. या रूढीस आम्ही वाईट म्हणणार नाही. ज्या घरात तिला पहाटे उठून पाणी भरावे लागत नाही, जेथे आई तिच्या उशाशी बसते, शेकशेगडी करते आणि सव्वा महिना तिला बाजेवर राहू देते, ते घर तिने पसंत करावे यात नवल काय? किंबहुना आपल्या समाजाने स्त्रीस दिलेली विश्रांतीची जी काही थोडी हक्काची जागा आहे ती हीच. परंतु याच रूढीमुळे तिचे बाळंतपण कोठे व्हावयाचे हे तिच्या माहेरच्या गावाच्या रस्त्यावर, तेथील परिचारिकेवर आणि तिच्या बापाच्या खिशावर ठरते. शिवाय तिची नोंद झालेली असते सासरी. तपासण्या, टोचलेल्या लशी, रक्त किती, दाब किती हे सर्व ज्या परिचारिकेच्या डोक्यात आहे ती सासरच्या गावी राहते, आणि नवव्या महिन्यात बाई उभी राहते ती अनोळखी आशेच्या दारात. कार्ड जवळ असले तर बरे. ते सासूच्या पेटीत राहिले तर तिचा सारा इतिहास तेथेच राहिला. अनुदानाचे पैसेही जेथे नाव तेथूनच मागत बसावयाचे. मुलीची पाठवणी करताना लुगडी मोजून देणाऱ्या आपल्या समाजास तिचे तपासणीचे कार्ड तिच्यासोबत देण्याची रीत अजून घालून घेता आलेली नाही, आणि सरकारासही त्या कार्डामागून आपली जबाबदारी चालत नेता आलेली नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाची गोष्ट निराळी. ते बहुधा सासरी होते आणि तेथे निर्णय सासूचा, नवऱ्याचा आणि हंगामाचा असतो. मृगाची पेरणी चालू आहे, किंवा दसऱ्यानंतर सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी एकदम अंगावर आली आहे. अशा वेळी बाईसोबत दवाखान्यात जाऊन दोन-तीन दिवस बसावयाचे कोणी? जी जाईल तिचीही मजुरी बुडते. घरी आधीची दोन मुले आहेत, गाय आहे, म्हातारा सासरा आहे. दवाखाना फुकट आहे असे भिंतीवर लिहिलेले असते व ते खोटे नसते. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सर्व विनामूल्य केलेले आहे. परंतु सोबतिणीच्या भाकरीचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब त्या फलकावर नसतो. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यातील दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण बाईस ७०० रुपये ठरले. व्यापारी बंधूंनीच सांगावे, की दोन माणसांच्या तीन दिवसांच्या मजुरीस आणि वाटखर्चास ही रक्कम कितपत पुरी पडते.

तरीही बाई निघते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाचे मर्म तीत आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनी १९९४ साली मातामृत्यूंच्या कारणांची जी मीमांसा केली, ती जगभर ‘तीन विलंब’ या नावाने ओळखली जाते: घरातून निघण्याचा निर्णय होण्यास लागणारा वेळ, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर खरा उपचार सुरू होईपर्यंत जाणारा वेळ. आमच्या मते या मीमांसेतील सर्वांत मार्मिक सिद्धान्त हा, की तिसरा विलंब पहिल्यास जन्म देतो. ज्या केंद्रात गेल्यावर ‘येथे होणार नाही, अकोल्यास न्या’ असे ऐकावे लागते, त्या केंद्राकडे निघण्यास पुढच्या वेळी कोणाचाही पाय उचलत नाही. एका घरास आलेला असा अनुभव पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात शंभर घरांस कळतो. आणि मग ती शंभर घरे एकतर वेळ होईपर्यंत घरीच थांबतात, नाहीतर जवळचे केंद्र ओलांडून थेट अकोल्याची वाट धरतात.

यात अविचार कोठे आहे? बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि तो थांबला नाही, तर मृत्यू सुमारे दोन तासांत येऊ शकतो. या दोन तासांत गाडी बोलवावयाची, ती गावापर्यंत यावयाची, घाटातून उतरलेल्या मालमोटारींच्या रांगेमागून अकोला गाठावयाचे, चिठ्ठी काढावयाची, रक्ताची जुळणी करावयाची. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, तिने पुष्कळ जीव वाचविले हे खरे. पण गाडी हे रस्त्याचे उत्तर आहे, शस्त्रक्रियेचे आणि रक्ताचे नव्हे. ज्या दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर नाही आणि रक्ताची पिशवी नाही, तो अडलेल्या बाईच्या दृष्टीने वाटेतला एक थांबा आहे. मग तिच्या बापाने तो थांबा टाळला तर त्याने व्यवहार पाहिला असेच म्हटले पाहिजे. सरकारी दंडकाप्रमाणे सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र आणि १,२०,००० वस्तीमागे शस्त्रक्रियेची सोय असलेले एक मोठे केंद्र असावे. इमारती मोजून हा हिशेब जुळविता येतो. बाईचा हिशेब निराळा आहे: रात्री दोन वाजता तेथे कोण असेल?

अकोल्यास जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्या स्त्री रुग्णालयास लोक अद्यापि ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात, जसे अमरावतीच्या स्त्री रुग्णालयास ‘डफरीन’. व्हाइसरॉय गेले, त्यांचे साम्राज्य गेले, आणि त्यांच्या बायकांची नावे मात्र वऱ्हाडच्या बाळंतिणींच्या तोंडी राहिली! आम्हांस त्याचे वैषम्य वाटते. तथापि न्यायाची गोष्ट कबूल केली पाहिजे. १८८५ साली काउंटेस डफरीन हिच्या नावाने जो निधी उभा राहिला, त्याच्या मुळाशी एक साधी ओळख होती, की पडद्यातील व मर्यादेतील हिंदी स्त्री पुरुष डॉक्टरापुढे जाणार नाही. तिच्यासाठी स्त्री डॉक्टर हवी. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, आमच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेत होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, तेव्हा त्यांच्या मनाने ही वाट धरली होती. आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. इतक्या वर्षांनंतरही पातूरच्या मोमीन मोहल्ल्यातील असो की माळीपुऱ्यातील, बाई प्रथम हेच विचारते, की तेथे बाई डॉक्टर आहे काय. या प्रश्नास मागासलेपण म्हणणारे लोक आपल्या घरच्या स्त्रियांसाठी मात्र बाई डॉक्टरच शोधतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

आणि आता त्या गोष्टीकडे वळू, जी अहवालांत क्वचित येते आणि बायकांच्या बोलण्यात सर्वांत आधी येते. ती म्हणजे वागणूक. जुन्या सुईणीचे दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. विळ्याने किंवा पात्याने कापलेली नाळ आणि तीतून मुलास होणारा धनुर्वात यांनी गावेच्या गावे पाळणे रिकामे केले होते, आणि २०१५ मध्ये हिंदुस्थान माता व नवजात यांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले ही आधुनिक वैद्यकाची मोठी विजयकथा आहे. नाळ कापण्याचे काम विटाळाचे ठरवून ते दलित स्त्रियांच्या माथी मारणारा आणि त्याच स्त्रियांस पुन्हा उंबऱ्याबाहेर ठेवणारा आपला समाजही या पापात वाटेकरी होता. परंतु ती सुईण रात्रभर बसून राहत असे. पाठ चोळीत असे. बाई ओरडली म्हणून तिच्यावर ओरडत नसे. दवाखान्यात नाळ स्वच्छ कापली जाते, पण आईस दाराबाहेर ठेवतात, आणि कळा देणाऱ्या मुलीस असे काही शब्द ऐकावे लागतात की ते येथे छापण्याजोगे नाहीत. हे सर्वत्र घडते असे आमचे म्हणणे नाही. एकाच पाळीत वीस बाळंतिणी सांभाळणाऱ्या परिचारिकेचाही जीव असतो. पण बाई जे विसरत नाही ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये या अवमानाविरुद्ध जाहीर निवेदन काढले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये बाळंतपणाच्या वेळी जवळची एक स्त्री सोबत राहू द्यावी असे सांगितले. २०१७ च्या अखेरीस प्रसूतिगृहे सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ नावाचा उपक्रमही निघाला. या सर्वांत आईस आत येऊ देण्यास एक पैदेखील खर्च लागत नाही. जी सुधारणा फुकट आहे तीच सर्वांत उशिरा का होते, याचे उत्तर आरोग्यखात्याने द्यावे.

हा अवमान टाळण्यासाठीच पुष्कळ घरे खासगी दवाखान्याची पायरी चढतात. सालदाराचे घरही सोने गहाण ठेवून चढते. तेथे डॉक्टरीण कोण हे आधी ठाऊक असते, सासू-आई खोलीत बसू शकतात, कोणी ‘ए’ म्हणत नाही. या मानाची किंमत काय? २०१९-२१ च्या पाहणीत देशभरातील खासगी दवाखान्यांतील शंभर बाळंतपणांपैकी ४७.४ शस्त्रक्रियेने झाली, आणि सरकारी दवाखान्यांत १४.३. दोहोंकडे येणाऱ्या बायका सर्वस्वी सारख्या नसतात, हे ध्यानात घेऊनही हा फरक बाईच्या शरीरावरून समजत नाही. तो दवाखान्याच्या जमाखर्चावरून समजतो. थांबण्यास रात्र लागते आणि चिरण्यास तास. ज्यास थांबण्याचे कमी आणि चिरण्याचे जास्त मिळते, त्याच्या सद्सद्विवेकावर एवढे ओझे टाकणे हीच मुळात व्यवस्थेची चूक आहे. येथे व्यापारीवर्गासही एक शब्द सांगितला पाहिजे. मुहूर्त पाहून, तिथी पाहून मूल काढून घेण्याची जी हौस शहरातील सुखवस्तू घरांत शिरली आहे, तिचेच अनुकरण खेडे करीत असते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर बाईची बाजू मजबूत आहे. आपल्या घटनेच्या ४२ व्या अनुच्छेदाने प्रसूतिसाहाय्याची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संकटसमयी सरकारी दवाखान्याने उपचार नाकारणे म्हणजे जीविताच्या हक्काचा भंग ठरविला. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे लक्ष्मी मंडल यांचे प्रकरण आले. एक गरीब स्त्री बाळंतपणात मेली होती आणि दुसरीस उघड्यावर झाडाखाली मूल झाले होते. त्या निकालात न्यायालयाने एवढेच सांगितले नाही, की सुरक्षित मातृत्व हा हक्क आहे. गरीब बाई एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेली तर तिच्या सवलती तिच्याबरोबर गेल्या पाहिजेत, या गोष्टीवरही त्याने बोट ठेवले. जे बिहारहून दिल्लीस जाणाऱ्या बाईस लागू, ते सासरहून माहेरी जाणाऱ्या पातूरच्या लेकीस लागू नये काय?

विश्रांतीचा प्रश्न तर त्याहून जुना. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतील बाळंतिणींस साहाय्य देणाऱ्या विधेयकाचे डॉ. आंबेडकरांनी समर्थन केले, ते मातेस बाळंतपणापूर्वी विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे या भूमिकेवरून. दुसऱ्याच वर्षी तो कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने ती तत्त्वे देशभर नेली आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांवर नेली. ज्यांची नावे हजेरीपटावर आहेत त्यांस याचा लाभ झाला. जी बाई नवव्या महिन्यात ओटीत कापूस भरीत सरीतून चालते, तिचा हजेरीपट कोणता? २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या जिवंत मुलासाठी मिळू लागलेले ५,००० रुपये हे तिच्या दृष्टीने काही नसल्यापेक्षा बरे, इतकेच.

मग करावयाचे काय? सर्व काही मुंबईने करावे असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. स्वराज्याचा अर्थ तो नव्हे. मेळघाटात व इतर आदिवासी भागांत ‘माहेरघर’ नावाची एक योजना निघाली: दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन आरोग्यकेंद्राशेजारी राहते, सोबत नातेवाईक व लहान मुले राहू शकतात, जेवण मिळते. नावच किती योग्य! गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांस नवजात बाळाची निगा शिकविली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतील नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याच मार्गाने पुढे आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊ लागल्या. दोहोंचे मर्म एकच, की दवाखान्याने बाईच्या घराकडे काही पावले चालून आले पाहिजे.

आणि वऱ्हाडास तर याबाबतीत बाहेरून गुरू आणावयास नको. शेंडगावच्या गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रोग्यांचे नातेवाईक अत्यल्प खर्चात राहतात. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाजवळ पातूर, बाळापूर, बार्शीटाकळी या तालुक्यांतून आलेल्या सोबतिणींस रात्री पाठ टेकावयास एक स्वच्छ जागा, गरम पाण्याचा एक बंब आणि दोन वेळची भाकरी मिळाली, तर बाळंतपणाच्या खर्चातील मोठा भाग आपोआप गळून पडेल. अडत दुकानांच्या उलाढालीवर धर्मादाय काढण्याची रीत आपल्या बाजारपेठांत जुनी आहे. ज्या मजुरणीने वेचलेल्या कापसावर आणि सोंगलेल्या सोयाबीनवर ती उलाढाल चालते, तिच्याच सोबतिणीसाठी त्या धर्मादायातील वाटा मागणे यात आम्हांस संकोच वाटत नाही.

दुसरे काम त्याहून सोपे आहे आणि त्यास पैसाही लागत नाही. सरकारी दवाखान्यांच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी रुग्ण कल्याण समित्या असतात, आणि गावोगाव आरोग्य, स्वच्छता व पोषण समित्या असतात. त्यांच्या सभा होतात, चहा होतो, रंगकाम आणि पंखे मंजूर होतात. पातूर तालुक्यातील या समित्यांच्या पुढच्या सभेस आमच्या वाचकांपैकी जे सदस्य असतील त्यांनी एवढेच मागावे: गेल्या वर्षी येथून किती बायकांस अकोल्यास पाठविले, त्यांपैकी रात्री किती, प्रत्येकीस पाठविण्याचे कारण काय लिहिले आहे, गाडी किती मिनिटांत आली, आणि कळा सुरू असताना तिच्या आईस आत बसू दिले होते काय. हे कागद सभेपुढे ठेवले गेले, तर ते छापण्यास आम्ही आमचा पहिला रकाना मोकळा ठेवू.